सोनेरी सोबती – भाग ७ : तोंडात धरलेली चप्पल

केसांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ब्रश कुठला, अंघोळ किती दिवसांनी, उन्हाळ्यात केस भादरावेत की नाही, सगळे मुद्दे काढून ठेवले होते. पण बुधवारी नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि केस पुन्हा मागे पडले. केस काय, घरभर आहेतच. आठवडाभराने कमी होणार नाहीत.

ताईंची तक्रार अशी. त्यांची दीड वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री, कुणी पाहुणा आला, की दाराशी काढलेली त्याची एक चप्पल उचलते आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहते. चावत नाही, फाडत नाही, पळूनही जात नाही. नुसती तोंडात धरून मागचं अख्खं अंग हलवत राहते. पाहुणे संकोचतात, सासूबाई चिडतात. ‘ही खोड मोडायची कशी?’ असं ताई विचारतात.

ताई, चपलेशी या जातीचं नातं तुमच्या पाहुण्यांपेक्षा जुनं आहे. गेल्या वेळी भेटलेला तो पिवळा कुत्रा, गोल्डनचा मूळपुरुष नाउस, आठवतो ना? १८६५ साली ब्रायटनमध्ये ही जात घडवणाऱ्या डडली मार्जोरीबँक्स यांनी तो विकत घेतला. (लिहायचं मार्जोरीबँक्स, म्हणायचं मार्चबँक्स, इंग्रजांची आडनावं हाही एक लेखमालेचा विषय आहे.) तो कुणाकडून घेतला? जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून, असं सांगतात. कुणाच्या तरी उधारीपोटी ते कुत्रं त्याच्या पदरात पडलं होतं म्हणे. म्हणजे या घराण्याच्या मूळपुरुषाचा मुक्कामच चपलाजोड्यांच्या ढिगात!

याच ब्रायटनमध्ये दुसरी एक दंतकथाही जन्माला आली. तिथे आलेल्या सर्कशीतली रशियन कुत्री मार्जोरीबँक्सनी ताफ्यासकट विकत घेतली आणि त्यांच्यापासून गोल्डन निघाला, ही ती कथा. कित्येक वर्षं लोकांनी ती खरी मानली. शेवटी १९५२ साली त्यांच्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नोंदी छापून आल्या. तिथे ना सर्कस, ना रशिया; होते ते नाउस, ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची बेल आणि त्यांची १८६८ सालची पिल्लं. क्रोकस, प्रिमरोझ, काउस्लिप अशी पिवळ्या फुलांची नावं त्या पिल्लांना ठेवली होती.

आता चपलेकडे येतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गुइसाकन इस्टेटीवर मार्जोरीबँक्सना कुत्रं हवं होतं ते शिकार करायला नव्हे, केलेली शिकार आणायला. मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या होत्या, बार झपाझप निघत होते, पक्षी पटापट पडत होते. पण पडायचे कुठे? हेदरच्या झुडपांत, ओढ्यापलीकडे, थंडगार तळ्यात. तो पक्षी शोधायचा, उचलायचा आणि होता तसा मालकाच्या हातात द्यायचा, एवढंच कुत्र्याचं काम. ‘होता तसा’ हे महत्त्वाचं, कारण पक्षी जेवणाच्या टेबलावर जाणार. ब्रिटनमधल्या शिकारी कुत्र्यांच्या चाचण्यांत परीक्षक आजही आणलेला पक्षी हातात घेऊन त्याच्या बरगड्या चाचपतात. कुत्र्याने दाबून त्या चुरडल्या असतील, तर ते कुत्रं बाद. बाकी कितीही हुशार असो.

तिकडचे लोक याला ‘सॉफ्ट माउथ’ म्हणतात. आपण मऊ तोंड म्हणू. याचा अर्थ जबडा दुबळा असा नाही. दात तेच, ताकदही भरपूर. आमच्या गोल्डनला, गुळ्याला, हाड फोडताना बघा. फरक आहे तो दाब किती द्यायचा याच्या जाणिवेत.

रेमंड कॉपिंजर या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाची मांडणी मला इथे फार उपयोगी वाटते. लांडग्याची शिकार ही एक साखळी आहे. बघणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा, फाडणं, खाणं. माणसाने कुत्र्यांच्या जाती घडवताना ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी तोडली. मेंढ्या वळवणारा बॉर्डर कॉली नजर रोखतो, दबकतो, धावतो, पकडीशी थांबतो. उंदीर मारणारा टेरियर थेट जिवावर उठतो. रिट्रीव्हरची साखळी तुटते ती पकडीनंतर. पुढच्या चाव्याच्या जागी पिढ्यान् पिढ्या निवड करून वेगळंच काहीतरी घट्ट केलं गेलं: वळ, आणि घेऊन ये.

हे सगळं मी पुस्तकातून वाचलं होतं. कळलं ते एका मे महिन्यात. संध्याकाळी वळवाचा पाऊस झोडपून गेला आणि गुळ्या अंगणातून आत आला. गाल फुगलेले, ओठ मिटलेले, चाल अगदी पूजेचं ताट घेऊन निघाल्यासारखी. काय गिळलंय कोण जाणे म्हणून माझ्या पोटात गोळा आला. बायकोने शांतपणे ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, ‘‘दे.’’ ओंजळीत पडलं ते बुलबुलाचं पिल्लू. लाळेने चिंब, चोच वासलेली आणि जिवंत! मधुमालतीतलं घरटं वाऱ्याने तिरकं झालं होतं. पिल्लू पुसून परत ठेवलं. गुळ्या खाली बसून वर बघत राहिला, आपला माल नेमका कुठे गेला ते लक्षात ठेवत असावा.

बायकोच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो, हे कबूल करतो. कारण आमच्या आधीच्या कुत्रीच्या, राणीच्या बाबतीत मी तेच करत आलो होतो. तिने मोजा उचलला की आरडाओरडा, मग सोफ्याभोवती पकडापकडी. त्यातून राणी एकच गोष्ट शिकली: माणूस आला की ऐवज जातो, तेव्हा आधी गिळा. एक मोजा आतड्यात अडकला आणि पोट फाडून काढावा लागला. राणी वाचली. चूक शंभर टक्के माझी होती.

म्हणून ताई, मोडू नका; वळवा. पाठलाग अजिबात नाही. खाली बसा, हात पुढे करा, ‘दे’ म्हणा आणि बदल्यात चपलेपेक्षा सरस काहीतरी द्या, उकडलेल्या चिकनचा तुकडा म्हणा, पनीर म्हणा. धोक्याची नसलेली वस्तू कधीकधी तपासून तिला परतही करा. दिलेलं बुडत नाही, हा विश्वास बसला की देणं सोपं होतं. आणि दाराशी तिची स्वतःची एक वस्तू ठेवा, जाड दोरीचा गुंडा किंवा कापडी बाहुली. बेल वाजली की ‘आण’ म्हणून तीच तिच्या तोंडात द्या. महिन्याभरात बहुतेक चपला सुटतील. तोंड मात्र रिकामं राहणार नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका. आनंद झाला की हातात काहीतरी घेऊन पुढे यावं, एवढंच तिला ठाऊक आहे. पाहुण्याकडे मोकळ्या हाताने जाऊ नये, हे सासूबाईंनाही पटेल.

एक सावधगिरी. वस्तू धरून अंग ताठ होत असेल, गुरगुर येत असेल, तर ते आणणं नव्हे, राखणं आहे. तिथे घरगुती उपाय न करता कुत्र्यांच्या वर्तनाच्या जाणकाराला गाठा.

पुढच्या रविवारी केस. हे लिहिताना माझी डावी सपात टेबलाखाली येऊन पडलीय, उजवीची वाट बघतोय.