नळाच्या पाण्याचे खरे माप



वाण्याच्या तराजूकडे आपले बारीक लक्ष असते. दूधवाल्याच्या मापाला पोचा पडलेला दिसला, तर आपण त्याला तेथेच हटकतो. परंतु नळाचे पाणी मोजणारे मीटर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले असते, आणि त्याची आठवण बहुधा बिल हाती आल्यावरच होते. हैदराबादेतील घरोघरच्या अशा जुन्या मीटरांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मीटरचे अंतरंग फारसे गूढ नाही. आत येणारे पाणी एका लहानशा चक्राला फिरविते, आणि त्या चक्राच्या फेऱ्या दातेरी चाकांच्या योगे तबकडीवर आकड्यांच्या रूपाने उमटतात. कालांतराने चक्राचा आस झिजतो, क्षार साचतात, जाळीत गाळ अडकतो. मग धार बारीक असली की चक्र हलत नाही. पाणी मात्र पुढे निघून जाते. म्हणून वय झालेले मीटर बहुधा कमी मोजते. उलट, जेथे ठरावीक वेळीच पाणी सोडतात, तेथे रिकाम्या नळातील हवा पाण्याच्या अगोदर धावत येते व तीही चक्र फिरविते. म्हणजे मीटर कधी घरमालकाच्या विरुद्धही खोटी साक्ष देते.

“कमी मोजले, तर आमचे काय बिघडले?” असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर पाणी कोठून येते त्यात आहे. १९०८ सालच्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर बांधला गेला व तो १९२० साली पुरा झाला. त्याचे पाणी उताराने आपोआप शहरात येई. आज मुख्य भिस्त कृष्णा व गोदावरी यांवर आहे. ते पाणी शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, पंपांनी उपसून आणावे लागते. प्रत्येक घागरीमागे विजेचा खर्च आहे. समजा, एखादे मीटर दहातील एक भाग गिळते. तर २० घनमीटर पाणी घेतल्यावर ते १८ च दाखवील. उरलेल्या दोहोंचा खर्च नाहीसा होत नाही. तो ज्याचे मीटर चोख आहे त्या शेजाऱ्याच्या किंवा करदात्याच्या माथी बसतो. शिवाय हिशेबाबाहेर गेलेले पाणी गळतीत गेले की वापरात, हेही कळेनासे होते.

२०२१ च्या जानेवारीत हैदराबादेत घरगुती ग्राहकांना दरमहा २०,००० लिटर पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा या यंत्राला वेगळेच महत्त्व आले. झोपडपट्ट्या वगळता इतरांना सवलतीसाठी चालू मीटर असणे आवश्यक ठरले. ज्याच्याकडे बिल वाढविणारा शत्रू म्हणून पाहिले जाई, तेच मीटर आता हक्काचा पुरावा झाले. वीस हजार लिटर म्हणजे तबकडीवरील अवघे २० आकडे; ते खरे असले पाहिजेत, ही गरज ग्राहकाची तितकीच जलमंडळाची.

मीटरची परीक्षा घरी सहज होते. ज्या नळाला मीटरमधून थेट पाणी येते, त्या नळाखाली माहीत असलेल्या मापाच्या दहा बादल्या भराव्यात व आकडा किती पुढे गेला ते पाहावे. बादली २० लिटरची असल्यास २०० लिटरांची भर पडावयास हवी. मीटर बदलताना जुन्याचा शेवटचा व नव्याचा पहिला आकडा दिनांकासह लिहून घ्यावा, छायाचित्रही काढून ठेवावे. मीटरवरील बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. पुढील एक-दोन बिले वाढली, तर लगेच नव्या यंत्राला दोष न देता प्रथम वरील परीक्षा करावी. कदाचित जुनेच मीटर झोपा काढत असेल.

नव्या मीटरचा खर्च घराला जाणवतो, हे खरे. तथापि खोट्या मापाची किंमतही कोणाला तरी द्यावीच लागते. आणि ती कोण देतो, हे मात्र कोणत्याच बिलावर छापलेले नसते.