तीन खुर्च्या आणि एक कुलगुरू

विद्यापीठाचा कुलगुरू कोण असावा, असे विचारले तर जन्मभर अध्यापन केलेला पंडित असावा, असेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. सरकारी नोकरीत केस पिकलेला माणूस त्या जागी आला की, आता विद्यामंदिरात फायलींचे राज्य सुरू होणार, अशी कुजबुज होते. ही भीती अगदीच निराधार असते असे नाही. परंतु चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण दुसरी बाजू दाखविते, आणि कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांला ती विशेष महत्त्वाची वाटते.

चिंतामणरावांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला. मॅट्रिकला पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, १९१८ मध्ये आय.सी.एस., मग मध्यप्रांत-वऱ्हाडात जमाबंदीची कामे. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १ जानेवारी १९४९ रोजी ती बँक सरकारच्या मालकीची झाली, तेव्हाही त्या जागेवर तेच होते.

यानंतरच्या तीन खुर्च्या मात्र बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. १९५० ते १९५६ ते देशाचे अर्थमंत्री होते. म्हणजे तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती होती. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. हा आयोग केंद्राचा पैसा विद्यापीठांना वाटतो आणि शिक्षणाच्या दर्जावर लक्ष ठेवतो. सरकारने थेट विद्यापीठाचा कान धरू नये, म्हणून मध्ये ठेवलेली ही भिंत आहे. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेथे कुलपतिपद देशाच्या उपराष्ट्रपतींकडे असते. प्रत्यक्ष गाडा कुलगुरूलाच ओढावा लागतो. पैसा देणारा, वाटणारा आणि खर्चणारा, या तिन्ही जागी एकच माणूस बसून गेला!

याचा उपयोग काय? पगारवाढ मागणाऱ्याला कारखान्याचा ताळेबंद वाचता आला पाहिजे, हे आम्ही संघटनेत शिकलो. ज्याला तो वाचता येत नाही, त्याला 'पैसे नाहीत' या दोन शब्दांत वाटेला लावता येते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह मागणाऱ्या कुलगुरूचेही तसेच आहे. अर्थखात्याची भाषा जाणणाऱ्याला नकारातली खरी अडचण कोणती आणि सबब कोणती, हे ओळखता येते.

पण हिशेब येणे पुरेसे नाही. हिशेब जाणणारे पुष्कळ असतात; खुर्ची सोडणारे थोडे. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाशी नीट विचारविनिमय न करता जाहीर झाला, म्हणून चिंतामणरावांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले. विद्यापीठाची स्वायत्तता कायद्याच्या कलमांइतकीच अशा स्वभावावर उभी असते.

ते दिल्लीत कुलगुरू झाले त्याच १९६२ साली तेथे पत्रद्वारा पदवी शिक्षण सुरू झाले. ही योजना त्यांची एकट्याची नव्हे, डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची शिफारस केली होती. धडे टपालाने यावयाचे, उत्तरे लिहून धाडावयाची, ती तपासून परत मिळावयाची. दिवसभर नोकरी करणाऱ्यास पदवीचा दरवाजा असा उघडला. आज ती संस्था 'स्कूल ऑफ ओपन लर्निंग' या नावाने चालू आहे. ज्याचे शिक्षण पाळीच्या भोंग्याने तोडले, त्याला या दरवाज्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून नवा कुलगुरू नेमला जातो तेव्हा तो प्राध्यापक होता की अधिकारी, एवढ्यावर आपण नागरिकांनी थांबू नये. त्याला हिशेब कळतो काय, वेळ आली तर तो खुर्ची सोडील काय, आणि जो वर्गात पोहोचू शकत नाही त्याची त्याला आठवण आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. विद्यापीठ आपल्या करांवर चालते. विचारण्याचा अधिकार आपला आहे.