घरातला हेर

(द्वितीय वर्ष, कला)

चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात बहिर्जी नाईक भेटले, तेव्हापासून हेर म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर वेषांतर केलेला, काळोखातून चालणारा माणूस उभा राही. खरा हेर आपल्या पंक्तीला जेवून जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, असे आमचे गुरुजी सांगत. गेल्या दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये, असाच एक हेर आमच्या घरात जेवत होता आणि त्याचे ताट आम्हीच वाढले होते, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांची ही हकिकत. संगणक शिकणाऱ्या मित्रांना यात नवे काही वाटणार नाही. परंतु आपल्या कला शाखेतील पुष्कळांच्या घरी आता एखादा जुना संगणक येऊन बसला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

आमची वाडी माणदेशातली. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. अण्णा गलाईच्या कामाला तमिळनाडूत बारा वर्षे राबून परत आले आणि २०२३ मध्ये त्यांनी तालुक्याच्या एका दुकानातून नऊ हजारांना जुना संगणक घेतला. कुठल्याशा कंपनीच्या कचेरीतून निघालेला तो काळा डबा आमच्या देवघराशेजारी आला, त्या दिवशी आईने त्याला हळद-कुंकू वाहिले. पुढे मी त्यावर वाडीतल्या लोकांचे फॉर्म भरू लागले. शिष्यवृत्ती, उतारे, आणि गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी. एका फॉर्मचे तीस रुपये. त्यातून माझा एसटीचा पास आणि पुस्तके निघत. बायका विश्वासाने आधारकार्ड, पासबुक माझ्या हाती देत; मी त्यांचे फोटो काढून संगणकात ठेवी. काम झाल्यावर ते पुसून टाकायचे असतात, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि सुचलेही नाही.

पहिली लक्षणे मोठी गोंगाटाची होती. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट येई – ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू आहेत, ताबडतोब येथे दाबा.’ शोधायला जावे एक, तर पान उघडे भलतेच. शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोरी, हे यंत्र झपाटलंय जणू!” मी मैत्रिणीला विचारून उपाय केले. ते येथे सांगते, कारण उपाय खोटे नव्हते, अपुरे होते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ असा भाग असतो. आपण कधीतरी बेसावधपणे ‘अलाऊ’ दाबलेल्या पानांची यादी तेथे सापडते. अनोळखी नावे काढली की त्या लाल चौकटी बंद होतात. त्या खऱ्या विषाणूच्या सूचना नसतातच, नुसत्या फसव्या जाहिराती असतात. मग ‘एक्स्टेन्शन्स’ची यादी पाहिली. पीडीएफ बनवून देतो म्हणणारा एक आगंतुक तेथे बसला होता, त्याला हाकलले. त्याच नावाचा एक प्रोग्रॅम विंडोजच्या ‘ॲप्स’मध्ये होता, तोही काढला. शेवटी विंडोजमधल्या डिफेंडरकडून तपासणी केली. ‘कोणताही धोका आढळला नाही’ असे उत्तर आले. यंत्र शांत झाले. मी घरभर मिरवले.

आठव्या दिवशी पीडीएफवाले महाशय जसेच्या तसे परत हजर! आणि त्याच संध्याकाळी मला मेल आला की माझ्या खात्यात एका अनोळखी उपकरणावरून प्रवेश झाला आहे. मी ताबडतोब त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाच्या इन्स्टाग्रामवरून त्याच्या नावाने ‘पैसे दुप्पट करा’ अशा जाहिराती गावभर गेल्या. आता मात्र माझी पाचावर धारण बसली.

कॉलेजातल्या संगणक प्रयोगशाळेच्या सरांना भीत भीत सगळे सांगितले. त्यांनी रागावण्याऐवजी एकच प्रश्न विचारला, “बदललेला पासवर्ड कुठल्या यंत्रावर टाइप केलास?” उत्तर देतानाच मला माझी चूक कळली. हेर घरात बसलेला असताना मी नवी किल्ली मोठ्याने वाचून दाखवली होती.

सरांनी जे समजावले त्यातला महत्त्वाचा भाग असा. जाहिराती दाखवणारा आगंतुक आणि माहिती चोरणारा हेर हे निराळे असतात, जरी पुष्कळदा एकाच दारातून येतात. जाहिरातवाल्याला आपले लक्ष हवे असते, म्हणून तो गोंगाट करतो. हेराला ते अजिबात नको असते. आजकालचे हेर – त्यांना ‘इन्फोस्टीलर’ म्हणतात – ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी आणि हाती लागतील त्या फाइली काही मिनिटांत गोळा करून आपल्या धन्याकडे पाठवतात. काही तर काम आटोपल्यावर स्वतःला पुसून टाकतात. अशा वेळी मागाहून केलेल्या तपासणीत काही सापडले नाही, तरी चोरी व्हायची ती होऊन गेलेली असते.

यातली कुकी म्हणजे काय, हे मला एसटीच्या पासावरून उमगले. एकदा कागदपत्रे दाखवून पास काढला की कंडक्टर रोज उठून दाखला मागत नाही. पास बघतो आणि पुढे जातो. आपण एखाद्या खात्यात पासवर्ड टाकून शिरलो की ते संकेतस्थळ ब्राउझरला असाच पास देते. तो पास चोराच्या हाती गेला तर त्याला पासवर्ड लागतच नाही, फोनवर येणारा ओटीपीसुद्धा पुष्कळदा लागत नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ असेही करावे लागते, म्हणजे जुने पास रद्द होतात. आणि हे सारे दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून करायचे. मी ते माझ्या फोनवरून केले. आधी मेल, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या मेलमधून बदलता येतात. मग बँक, मग उरलेली.

हेर आला कसा, याचा शोध मात्र घरातच लागला. भाऊ अकरावीत आहे. फुकट सिनेमा शोधताना त्याच्यासमोर ‘मी यंत्रमानव नाही’ असे सिद्ध करा म्हणणारे पान आले होते. नेहमी चित्रे ओळखायला सांगतात. या पानाने सांगितले, विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पोराने इमानेइतबारे तसे केले. त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवली होती, ती त्याने स्वतःच्या हाताने चालवली. “मला वाटलं, खरंच विचारतंय,” एवढेच तो मान खाली घालून म्हणाला. मी त्याला काय बोलणार? या युक्तीला जगभरचे शिकलेले लोक फसले आहेत. लुमा नावाचा हेर अशाही वाटेने पसरत होता. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे तोडले, तेव्हा आधीच्या दोनच महिन्यांत ३,९४,००० हून अधिक संगणकांत तो शिरल्याचे जाहीर झाले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट इतकीच की आपण माणूस आहोत हे तपासण्यासाठी कोणतेही खरे संकेतस्थळ कळफलकावरून आज्ञा चालवायला सांगत नाही.

मग डिफेंडरने त्याला अडवले का नाही? सरांच्या सांगण्यावरून मी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडली, त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी तळाशी ‘एक्सक्लूजन्स’. पहारेकऱ्याने कोठे पाहायचे नाही, याची ही यादी असते. आमच्या यादीत सबंध सी ड्राइव्ह होता! म्हणजे दोन वर्षे आमच्या दारात पहारेकरी उभा होता, परंतु डोळ्यांवर पट्टी बांधून. ही पट्टी दुकानदाराने बांधली होती. विंडोज पैसे न भरता चालू करणारा ‘ॲक्टिव्हेटर’ डिफेंडर पकडतो, म्हणून त्याने पहाराच बंद केला आणि ती फाइल डी ड्राइव्हमध्ये ठेवून दिली, पुन्हा लागली तर असू द्यावी म्हणून. ‘कोणताही धोका आढळला नाही’ या उत्तराचा अर्थ आता कळला. यादी रिकामी करून रात्रभर पूर्ण तपासणी चालवली, तेव्हा सकाळी नऊ नावे पडद्यावर उभी होती.

आणि पीडीएफवाला परत कसा आला? तो तर गेलाच नव्हता. मी ब्राउझरमध्ये माझ्या खात्याने ‘सिंक’ चालू ठेवले होते. भावाने दुसऱ्या ब्राउझर-खिडकीत तेच खाते उघडले होते, तेथून ते एक्स्टेन्शन पुन्हा माझ्याकडे उतरले. आपणच टाकलेला कचरा आपल्याच दारात वाऱ्याने परत यावा, तसे.

नऊ नावे काढून टाकल्यावर मला वाटले, झाले. सर म्हणाले, ज्या यंत्रावर दोन वर्षे पहारा नव्हता त्याची खात्री मी देणार नाही. विंडोज पुसून नव्याने टाक. घरी येऊन हे सांगितले तर अण्णांना ते माझ्याआधी पटले. त्यांनी आयुष्यभर सोने आटवले आहे. “वरनं घासून सोनं चकाकतंय,” ते म्हणाले, “पण आतली भेसळ आटवल्याबिगर निघत न्हाई.”

आटवण्याचा विधी असा झाला. कॉलेजच्या स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून साधन घेऊन आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवले. ते फुकट मिळते. घरच्या संगणकातले फोटो आणि कागदपत्रेच तेवढी बाजूला काढली, एकही चालणारा प्रोग्रॅम घेतला नाही. मग पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून सी आणि डी, दोन्ही भाग पुसले. डी विसरू नये. आमच्याकडे मूळ तेथेच होते. परवान्याचे पैसे कोठून आणायचे ही धाकधूक मनात होतीच. विंडोज नव्याने चढले, इंटरनेटला जोडले, आणि ते आपोआप अधिकृत झाले! यंत्र कंपनीकडून विंडोज १० सह आलेले होते, त्याची किल्ली मदरबोर्डातच कोरलेली होती. दुकानदाराच्या त्या ॲक्टिव्हेटरची आम्हाला कधी गरजच नव्हती. त्याने सवयीने टाकला असावा. माझा राग अजून गेलेला नाही.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली होती आणि आमचे यंत्र विंडोज ११ ला जुने पडते. घरगुती वापरासाठी वाढीव दुरुस्तीची सवलत होती, तिच्यात नाव नोंदवले. नोंदवले तेव्हा ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती.

नंतरची शिस्त थोडक्यात सांगते. भावाचे खाते वेगळे आणि मर्यादित केले. मर्यादित खात्यातही त्याचे स्वतःचे पासवर्ड चोरीला जाऊ शकतात, परंतु माझ्या खात्यातली कागदपत्रे त्याच्या चुकीपासून बरीच दूर राहतात. काही नवे बसवायचे तर मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो, तो कागदावर लिहून आईच्या ट्रंकेत आहे. आईला वाचता येते तेवढ्यावर ती विचारते, “कशापायी पायजे? कुठनं घेतलास?” या दोन प्रश्नांनी आतापर्यंत तीन फुकट खेळ दारातच अडले आहेत. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणे मी बंद केले. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह आधी तपासल्याशिवाय उघडत नाही. सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर २०१७ पासून सफाईची साधने मोफत मिळतात, हेही सरांकडून कळले.

यंत्र साफ झाले, पण तेवीस जणांची कागदपत्रे त्या डब्यात होती, ती पुसून परत येणार नव्हती. गप्प बसावे असा विचार दोन दिवस मनात आला, खोटे कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी आईला बरोबर घेऊन घरोघर गेले. काय झाले ते सांगितले; कुणी बँकेतून बोलतो म्हणून आधारचा आकडा बरोबर सांगितला तरी ओटीपी देऊ नका, पैसे गेले तर ताबडतोब १९३० वर फोन करा, असे सांगितले. आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, तेही करून देऊ लागले. तेव्हा थोरल्या काकूंनी अडवले, “अगं, मग रेशनला अंगठा कसा उठायचा?” खरेच होते. कुलूप घातले तर रेशनच्या दिवशी ते तेवढ्यापुरते उघडावे लागते, म्हणजे दर महिन्याला मी आलेच. सात जणींनी कुलूप घालून घेतले. दोन जणी आता फॉर्म भरायला तालुक्याला जातात. जाताना आमच्या दारावरूनच जातात.

शेजारच्या आजी येतात. फॉर्म झाला की मी खुर्ची बाजूला घेऊन त्यांच्यासमोर त्यांचे फोटो पुसते. परवा मी पडदा बंद करायला गेले, तर त्यांनी काठीने कोपऱ्यातल्या रीसायकल बिनच्या चित्राकडे बोट दाखवले.

“तो डबा पण वोत की,” त्या म्हणाल्या.