फ्लोराइडचा वाद वाचताना 'किती लिटर?' हे आधी विचारा

फ्लोराइडच्या दोन बातम्या सध्या एकाच वेळी कानावर येतात. पहिली अमेरिकेतली: युटा राज्याने मे २०२५ पासून आणि फ्लोरिडाने जुलै २०२५ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं थांबवलं. दुसरी आपल्याकडची, आणि ती बातमी म्हणून क्वचितच येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलेल्यांचे गुडघे, कंबर, मान आखडतात.

पहिली बातमी फॉरवर्ड होत आली की लोक विचारतात, "आपल्या पाण्यातही सरकार हे टाकतं का?" नाही. भारतात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा कार्यक्रम नाही. आपल्याकडचं फ्लोराइड खडकातून येतं. ग्रॅनाइट, नाइस अशा खडकांत फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, बायोटाइट ही खनिजं असतात. पाणी तिथे जितका जास्त काळ मुरतं तितकं फ्लोराइड उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसून पातळी आवरली जाते. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असेल तर ती वाढत जाते. म्हणून एकाच गावात उथळ विहीर ठीक आणि तीनशे फुटांची बोअर वाईट, असं सर्रास आढळतं.

एका देशात लोक पाण्यात घालायचं की नाही यावर भांडतात, दुसऱ्यात काढायचं कसं यावर. आयन तोच. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय मला म्हणूनच आवडतो: इथे मिलिग्रॅम प्रतिलिटर हा आकडा एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला रोज किती लिटर पोटात जातं याने गुणावं लागतं आणि शरीराच्या वजनाने भागावं लागतं. पाण्यात असते ती संहती, शरीराला लागू होतो तो डोस.

या गोंधळाचा इतिहास मजेशीर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. पुढे लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडतात कमी. १९३१ मध्ये कारण सापडलं: पाण्यातलं फ्लोराइड. मग ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात आणि पाणी ताडून पाहिलं. लिटरला सुमारे १ मिलिग्रॅमपाशी कीड कमी होते आणि डागही फारसे दिसत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र १९३७ मध्येच मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून हाडांच्या फ्लोरोसिसचं वर्णन छापून आलं होतं. दोन्ही गोष्टी तेव्हाही शेजारी शेजारीच चालू होत्या.

पुढचा टप्पा पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. १९५० च्या दशकात गॅलागन यांनी दाखवलं की अ‍ॅरिझोनासारख्या उष्ण भागात कमी फ्लोराइडलाही दातांवर डाग पडतात, कारण मुलं पाणी जास्त पितात. म्हणून १९६२ मध्ये अमेरिकेने एकच आकडा न ठेवता हवामानानुसार ०.७ ते १.२ असा पट्टा दिला. २०१५ मध्ये तो काढून सगळीकडे ०.७ केला. त्यामागचं एक कारण असं की आता तिथल्या मुलांचं पाणी पिणं हवेच्या तापमानानुसार फारसं बदलत नाही. दुसरं कारण म्हणजे टूथपेस्टमुळे फ्लोराइड इतर वाटांनीही मिळतं.

हे कारण यवतमाळच्या मे महिन्यात चालेल का? कापसाच्या रानात काम करणारी बाई दिवसाला चार लिटर सहज पिते. भारतीय मानक ब्यूरोची फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. १.५ गुणिले ४ म्हणजे ६ मिलिग्रॅम रोज. ०.७ च्या शहरात दीड लिटर पिणाऱ्याला मिळतं जेमतेम १. शिवाय भातात, वरणात, भाकरीच्या पिठात जाणारं पाणी यात धरलेलंच नाही, आणि कोऱ्या चहातलं फ्लोराइड वेगळंच. दोन्ही ठिकाणचं पाणी आपापल्या देशाच्या मानकात 'पास', पण डोसात सहापट फरक.

आता वादाकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने अहवाल दिला: १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडच्या पाण्याइतका संपर्क मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी निगडित आहे, आणि या निष्कर्षावर मध्यम विश्वास ठेवता येतो. ०.७ बद्दल ठरवायला पुरेशी माहिती नाही, असंही त्यातच म्हटलं आहे. त्यानंतर महिनाभरात तिथल्या एका संघीय न्यायालयाने पर्यावरण संस्थेला या धोक्याची दखल घ्यायला सांगितलं. बातम्यांत पहिलं वाक्य राहिलं, दुसरं गळलं. या अहवालातले अभ्यास चीन, भारत, इराण, मेक्सिको, पाकिस्तान, कॅनडा इथले होते, अमेरिकेतला एकही नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून अमेरिकेत रान पेटलं तो आकडा, १.५, आपल्या चालवून घेण्याच्या मर्यादेची वरची कड आहे. हा अहवाल सर्वात आधी आपण वाचायला हवा होता, असं माझं मत.

फायद्याच्या बाजूचंही असंच. कॉक्रेनच्या २०२४ च्या आढाव्यात १९७५ नंतरच्या अभ्यासांत फ्लोराइड मिसळण्याचा फायदा बराच कमी दिसतो: सरासरी प्रत्येक मुलामागे पाव दुधाचा दात. फ्लोराइडची टूथपेस्ट घराघरात पोचल्यावर पाण्याला करायला कामच कमी उरलं. पण शून्य उरलं असं नाही. कॅनडातल्या कॅलगरीने २०११ मध्ये फ्लोराइड बंद केलं, शेजारच्या एडमंटनने चालू ठेवलं. सात-आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांत कॅलगरीत सुमारे ६५ टक्के आणि एडमंटनमध्ये ५५ टक्के मुलांचे दात किडलेले होते. २०२५ मध्ये कॅलगरीने पुन्हा सुरू केलं. दोन शहरांची तुलना म्हणजे प्रयोग नव्हे हे खरं, पण नुसत्या 'आधी-नंतर'पेक्षा ती कितीतरी बरी.

घरात काय करायचं? पाणीबचत इथेच येते. लोक आधी आरओ बसवतात. आरओ फ्लोराइड काढतो, यात वाद नाही. पण साधं घरगुती यंत्र एक लिटर गोड पाण्यामागे तीनेक लिटर टाकून देतं. वस्तुमानाचा हिशोब करा: बोअरचं पाणी २ मिलिग्रॅमचं असेल तर चार लिटरमध्ये ८ मिलिग्रॅम. प्यायच्या एका लिटरात ०.२ गेलं तर उरलेल्या तीन लिटरात ७.८, म्हणजे लिटरला २.६. हे पाणी फरशी, संडास, गाडी धुण्याला खुशाल वापरा, ओतू नका. मात्र गुरांना पाजू नका आणि डाळ शिजवायला घेऊ नका. आणि हो, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ जाते, फ्लोराइड भांड्यातच राहतं, उलट दाट होतं.

मुळात सगळं पाणी शुद्ध करायची गरजच नाही. फ्लोराइड कातडीतून लक्षणीय प्रमाणात आत जात नाही, त्यामुळे अंघोळ, धुणी-भांडी बोअरवर चालतात. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरप्रमाणे पाच जणांना २७५ लिटर लागतात. त्यातलं पिण्या-स्वयंपाकाचं माणशी ५ धरलं तर २५ लिटर, दहा टक्क्यांहून कमी. तेवढंच वेगळं काढायचं.

ते छपरावरून मिळतं. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५० चौरस मीटरचं छप्पर, ९०० मिमी पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती आलं तर वर्षाला ३६ हजार लिटर. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना, म्हणजे २४० दिवसांना, २५ लिटरप्रमाणे ६ हजार पुरतात. पाणी कमी नाही, अडचण टाकीच्या खर्चाची आहे. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, टाकी अंधारी आणि झाकलेली ठेवायची, जंतूंसाठी क्लोरीन किंवा उकळणं. इथे उकळणं कामाचं आहे.

गावपातळीवर नागपूरच्या नीरीने विकसित केलेली नलगोंडा पद्धत आहे: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळणं, निवळणं. स्वस्त आहे, पण मात्रा पाण्याप्रमाणे बदलावी लागते, अ‍ॅल्युमिनियम उरतं आणि गाळाची सोय लावावी लागते. घरी चिमूटभर तुरटी फिरवणं म्हणजे ही पद्धत नव्हे.

या विषयावर प्रबंध करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, प्लास्टिकची घ्या, फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करतं. आयन-निवडक इलेक्ट्रोड वापरताना टिसॅब बफर टाळू नका, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमला बांधलेलं फ्लोराइड मोजलंच जाणार नाही. नमुने पावसाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. आणि प्रश्नावलीत "दिवसाला किती लिटर पिता?" असं विचारू नका, लिटरमध्ये कोणी मोजत नाही. घरातला तांब्या मागा, मोजपात्राने त्याचं माप घ्या, मग किती तांबे ते विचारा. रानात नेलेली कळशी आणि कॅन वेगळे विचारा, घरातल्या माणसांना ते आठवत नाहीत.