परक्याच्या ठेवीचा कारभारी : श्री. विक्रम पंडित

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रेवदंड्याकडे जाणाऱ्या प्रवाशास, हें गांव एके काळीं पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होतें असें सांगितलें तर सहसा खरें वाटत नाहीं. दहाव्या शतकांत अल्-मसूदी या अरब प्रवाशानें ‘सैमूर’ म्हणून ज्याचें वर्णन केलें, तें हेंच. इ. स. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथें उतरला, तो विक्रीसाठीं एक घोडा घेऊन. तें जनावर आणण्यास आपणांस शंभर रूबल पडले, असें तो लिहितो. पुढें जुन्नरास तेथील खानानें तो घोडा हिरावून घेतला, आणि या परदेशस्थाचा जीव टांगणीला लागला. सुदैवानें घोडा परत मिळाला. परंतु ज्याची पुंजी एका जनावरांत, त्याची झोप दुसऱ्याच्या हातीं, हें त्यास पुरतें कळून चुकलें असेल.

अशी जोखीम एकट्याच्या शिरावर न पडतां पुष्कळांनीं वांटून घ्यावी, या गरजेंतूनच भागभांडवल, रोखे व त्यांचा व्यवहार करणाऱ्या पेढ्या वाढीस लागल्या. ‘इन्व्हेस्टमेंट बँक’ ही त्यांपैकींच एक. आपल्या परिचयाची बँक ठेवी घेते व कर्जें देते; ही पेढी ज्यास भांडवल हवें त्याची, ज्याजवळ तें आहे त्याच्याशीं गांठ घालून देते. कारखान्याचे नवे भाग अथवा सरकारचे रोखे विकून देणें, न खपल्यास ते स्वतः घेण्याची हमी देणें, दोन कंपन्यांचें एकीकरण घडवून आणणें, हीं तिचीं कामें. १९२९ च्या अनर्थानंतर अमेरिकेनें १९३३ सालीं कायदा करून या दोन प्रकारच्या पेढ्या वेगळ्या केल्या. सामान्य माणसाची ठेव सट्ट्यांत जाऊं नये, हा हेतु. १९९९ सालीं ती भिंत बव्हंशीं पाडण्यांत आली.

या व्यवसायाच्या शिखरावर पोंचलेला मराठी माणूस म्हणजे श्री. विक्रम शंकर पंडित. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९५७ रोजीं नागपुरास झाला. सोळाव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले व कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं विद्युत्-अभियांत्रिकीच्या दोन पदव्या मिळविल्या. तेवढ्यानें समाधान न होतां ते अर्थशास्त्राकडे वळले. कांहीं काळ त्यांनीं अध्यापनहि केलें, आणि १९८६ सालीं वित्तविषयांत डॉक्टरेट संपादन केली. १९८३ सालीं ते मॉर्गन स्टॅन्ले या प्रख्यात पेढींत शिरले होते. तेथें जवळजवळ दोन तपें काढून, मोठमोठ्या संस्थांशीं होणाऱ्या रोख्यांच्या सर्व व्यवहाराचे ते प्रमुख झाले. २००५ सालीं वरिष्ठांशीं मतभेद होऊन त्यांनीं ती पेढी सोडली व सहकाऱ्यांसह ‘ओल्ड लेन’ ही स्वतःची पेढी काढली. २००७ सालीं सिटीग्रुपनें ती सुमारें ८० कोटी डॉलरांस विकत घेतली, आणि त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला पंडित सिटीग्रुपचे मुख्याधिकारी झाले. भारत सरकारनें २००८ सालीं त्यांस ‘पद्मभूषण’ दिलें.

पद मिळालें तें मात्र घर पेटलें असतां. घरतारणाच्या बुडीत कर्जांवर रचलेले रोखे कोसळत होते. २००८ च्या अखेरीस अमेरिकन सरकारला सिटीग्रुपमध्यें ४५ अब्ज डॉलर घालावे लागले. सुमारें पन्नास हजार नोकऱ्या कमी करण्याचें जाहीर झालें. पंडितांच्या नेमणुकीच्या वेळीं तीस डॉलरांहून अधिक मोलाचा भाग मार्च १९०९ नव्हे, तर अवघ्या सव्वा वर्षांत, मार्च २००९ मध्यें, एका डॉलराच्याहि खालीं गेला. ‘ओल्ड लेन’ तर घेतल्याच्या पुढच्याच वर्षीं बंद करावी लागली.

अशा वेळीं, पेढी नफ्यांत येईपर्यंत वर्षाला एक डॉलर वेतन घेईन, असें पंडितांनीं जाहीर केलें व तें पाळलें. त्यांनीं नको असलेले व्यवसाय विकले, भांडवल वाढविलें, आणि डिसेंबर २०१० पर्यंत सरकारनें आपले सर्व भाग विकून सुमारें १२ अब्ज डॉलरांचा नफाहि पदरांत पाडून घेतला. तथापि एप्रिल २०१२ मध्यें त्यांच्या सुमारें दीड कोटी डॉलरांच्या मोबदल्यास भागधारकांनीं बहुमतानें नापसंती दर्शविली. त्याच वर्षीच्या १६ ऑक्टोबरला ते पदावरून दूर झाले. पुढें २०१६ सालीं त्यांनीं ‘ओरोजेन’ ही गुंतवणुकीची नवी संस्था स्थापिली.

या चरित्राचें मोल कसें करावें? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्याचें माप घरींच सांपडेल. कुटुंबाचा कर्ता मिळकतीचा वहिवाटदार असतो, एकटा धनी नव्हे. पडत्या काळीं त्यानें प्रथम स्वतःच्या ताटांतील वाढप कमी करावें, ही आपली रीत. त्या दृष्टीनें एका डॉलराचें वेतन पंडितांस भूषणावह आहे. परंतु ज्या भागधारकांची पुंजी आटली आणि ज्या नोकरांच्या घरची चूल मंदावली, त्यांनीं बरे दिवस येतांच कर्त्याच्या ताटाकडे पाहिलें, यांत त्यांचेंहि कांहीं चुकलें नाहीं. धाकटी पाती कमी झाली आणि कर्त्याचें ताट मात्र पुन्हां भरलें, तर घरांत कुरबूर ही व्हावयाचीच.

आज आपल्या घरांतील हुशार मुलेंमुली गणित व अभियांत्रिकी शिकून याच व्यवसायाकडे वळत आहेत. त्यांनीं जावें, अवश्य जावें. पंडितांची विद्येची हौस आणि संकटांत पाय रोवून उभें राहण्याची चिकाटी त्यांनीं उचलावी. मात्र पहिल्या पगाराचा आंकडा ऐकून वडीलधाऱ्यांनीं हरखून जाण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘बाळ, तुझ्या हातीं जो पैसा खेळतो तो कुणाचा, आणि तो बुडाला तर आधीं कोण रडेल?’ या प्रश्नाचें उत्तर ज्याला डोळ्याला डोळा देऊन देतां येईल, त्याच्या हातीं परक्याची ठेव निर्धास्तपणें सोंपवावी.