वीज उरली, म्हणून पंचाईत

मागणी वाढली आणि वीज कमी पडली की दिवे जातात, हे आपल्याला पाठ आहे. १० जुलै २०२४च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात पेच उलटाच पडला. तिथं वीज एकाएकी उरली.

२३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवरचा लाइटनिंग अरेस्टर निकामी झाला. अशा वेळी ब्रेकर वाहिनी तोडतो आणि लगेच पुन्हा जोडून पाहतो. फांदी घासून गेली असेल तर तेवढ्यानं भागतं. इथला दोष हटणारा नव्हता. ८२ सेकंदांत सहा वेळा व्होल्टेज आपटलं. प्रत्येक गचका सेकंदाच्या दहाव्या भागाहून छोटा. घरातल्या पंख्याला त्याचं काय!

डेटा सेंटरला मात्र असतं. तिथले काही यूपीएस असे गचके मोजतात. मिनिटात तीन झाले, की बाहेरच्या विजेचा भरवसा सोडून भार बॅटरीवर आणि जनरेटरवर. मालकाच्या बाजूनं हे शहाणपणाचंच. पण एकाच परिसरातल्या अनेकांनी एकदमच तसं केलं आणि सुमारे १,५०० मेगावॉट मागणी ग्रीडवरून नाहीशी झाली.

निर्मिती तेवढीच आणि घेणारे गायब. जनित्रं किंचित वेगानं फिरू लागली, वारंवारता ६०वरून ६०.०४७ हर्ट्झवर गेली; ती लवकर सावरली. व्होल्टेजनं जास्त सतावलं. भार उतरताच ते चढलं, आणि उपकेंद्रांतले कपॅसिटर बंद करून खाली आणावं लागलं. गेलेले ग्राहक आपोआप परतेनात. माणसांनी हातानं जोडणी करावी लागली.

२०१६ साली कॅलिफोर्नियात वणव्यामुळं वाहिन्यांवर दोष आले, तेव्हा सौर इन्व्हर्टरांनी असाच पळ काढला होता. सुमारे १,२०० मेगावॉट गेले. त्यानंतर गचका सोसून टिकून राहण्याबाबत इन्व्हर्टरांवर बंधनं आली. वीज घेणाऱ्याला कोण बांधणार? आजवर त्याला मुख्यतः एकच विचारत आले: किती मेगावॉट हवेत? माझ्या मते यूपीएस कधी पळ काढतो, हेही जोडणीच्या अर्जातच विचारायला हवं. आपल्याकडे ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी होते आहे, तिथंही.

गचके मोजण्याची मर्यादा प्रत्येकाकडे वेगळी ठेवली तर सगळे एकदम सुटणार नाहीत. परतीचंही ठरवावं लागेल. हजारभर मेगावॉट एका झटक्यात परत आले, तर वारंवारता तेवढ्याच घाईनं खाली जाईल. म्हणून भार टप्प्याटप्प्यानं, नियंत्रण कक्षाला विचारून चढवायचा.