ऐतिहासिक कादंबरी वाचताना शब्दसंग्रह कसा वाढवावा?

ट्रस्टच्या या महोत्सवी अंकासाठी शिक्षणावर काही लिहावे, असे चालकांनी सुचवले तेव्हा मोठे विषय बाजूला ठेवून आम्ही एक लहानसा विषय निवडला. ऐतिहासिक कादंबरी वाचताना मुलांचा शब्दसंग्रह कसा वाढवावा, एवढेच येथे सांगायचे आहे. विषय लहान असला तरी बीदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात तो घरोघरचा आहे. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी, असा आपल्या कित्येक मुलांचा दिवस जातो. अशा मुलाच्या हाती रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) दिली की दहा-वीस पानांतच पुस्तक मिटते. "सर, शब्दच कळत नाहीत," एवढे सांगून ते मोकळे होते.

येथे आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणे भाग आहे. 'प्रयत्नांची शिकस्त केली' याचा अर्थ आम्ही वर्गात एका मुलाला विचारला. तो म्हणाला, "प्रयत्न करून हरले." वर्ग हसला. आम्हीही 'चूक' म्हणून पुढच्या मुलाकडे वळलो. त्यानंतर पंधरा दिवस त्या मुलाने वर्गात तोंड उघडले नाही. वास्तविक त्याच्या घरी, आणि आमच्याही घरी, शिकस्त म्हणजे पराभवच. हे ठाऊक असूनही शाळेची पायरी चढताना आम्ही ते घरी ठेवून आलो होतो. ज्याला शब्द येत होता, त्यालाच आम्ही तो येत नाही असे ठरवले.

फारशीत 'शिकस्तन्' म्हणजे मोडणे. जो मोडला तो हरला, म्हणून उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत मात्र शिकस्त म्हणजे पराकाष्ठा. अंग मोडेस्तोवर केलेला प्रयत्न, असे आम्ही आता मुलांना समजावतो. मूळ एक, पण दोन घरांत वाढलेल्या भावंडांसारखे स्वभाव निराळे.

असे शब्द थोडेथोडके नाहीत. तालीम म्हणजे आपल्या घरी शिक्षण. मराठी गावात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. राजीनामा म्हणजे मुळात समेटाचा कागद. मराठीत आणि कन्नडातही तो नोकरी सोडण्याचा कागद झाला. खुलाशाची गंमत तर सीमाभागातच कळावी. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण आणि कन्नडात 'खुलासे' म्हणजे कोर्टातून निर्दोष सुटका! फितूर शब्दात मूळचा अर्थ ढिलेपणाचा किंवा बिघाडाचा. मराठीत शत्रूला जाऊन मिळणारा तो फितूर. कादंबरी वाचताना मूल अडते ते पुष्कळदा शब्द अनोळखी असतो म्हणून नव्हे. तो ओळखीचा असून निराळे बोलतो म्हणून.

हे शब्द मराठीत आले कसे? त्याचे उत्तर आपल्याच भूमीत आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले, त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. पंधराव्या शतकात ती बीदरला आली. दरबारात फारशी आणि गावोगाव मराठी, कन्नड व तेलुगू, असा व्यवहार शतकानुशतके चालला. सनद, दफ्तर, सुभा, मोहीम हे शब्द या व्यवहारातून रुळले. छत्रपती शिवाजी महाराजांनी कारभारातील अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. ते काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे होते. सरनौबतास सेनापती, मुजुमदारास अमात्य, वाकनिसास मंत्री ही नावे त्याच काळी रूढ झाली. पुढे अठराव्या शतकात मात्र राज्याचा मुख्य कारभारी पेशवा याच फारशी नावाने ओळखला गेला. भाषेने दोन्ही भांडारे जपली. म्हणून आपला शब्द कोणता आणि परका कोणता, या वादात मुलांना न पाडता दोन्ही शब्द जोडीने शिकवावेत. सरनौबत भेटला की सेनापतीही वहीत यावा.

आता पद्धत सांगतो. पहिल्या वाचनात कोश उघडू नये. अडलेला शब्द वहीत टिपून पुढे जावे आणि संदर्भावरून अर्थाचा अंदाज समोर लिहावा. एका बैठकीत पाचांहून अधिक शब्द टिपू नयेत. नाहीतर गोष्ट राहते आणि यादीच वाढते. जो शब्द पुनःपुन्हा येतो त्याला आधी मान द्यावा.

दुसरे, शब्दाची शेपटी ओळखावी. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. एवढे कळले की फडणवीस, चिटणीस, पारसनीस हे सारे लेखणीवाले आहेत हे आपोआप उमगते. 'दार' म्हणजे बाळगणारा: किल्लेदार, सुभेदार, ठाणेदार. 'खाना' म्हणजे जागा: तोफखाना, नगारखाना, पीलखाना. पील म्हणजे हत्ती, एवढे कोणी आजोबांनी सांगितले की पुरे. एका किल्लीने दहा कुलुपे उघडतात.

तिसरे, वस्तू डोळ्यांनी दाखवावी. खंदक या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिण्यापेक्षा बीदरच्या किल्ल्यावर खडक फोडून काढलेला तिहेरी खंदक दाखवावा. बुरूज म्हणजे काय हेही तेथेच कळते. 'बाला' म्हणजे वरचा, म्हणून बालेकिल्ला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाशी जेथे लढाई जिंकली ते उदगीर १९५६ पर्यंत आपल्याच बीदर जिल्ह्यात होते, हे सांगितले की मुले नकाशा मागू लागतात.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, घरी विचारावे. १९४८ पर्यंत या भागाचा सरकारी कारभार उर्दूतून चाले. ज्यांचे शिक्षण त्या भाषेत झाले, ज्यांनी जमिनीचे कागद तिच्यात वाचले, त्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत. वहीत तीन रकाने आखावेत: कादंबरीतील अर्थ, घरातील अर्थ, कन्नडातील अर्थ. पहिला रकाना मुलाने भरावा, दुसरा दादी-नानीने सांगावा, तिसरा शेजारच्या अक्कांनी. अक्का हा शब्दही मराठीने कन्नडातूनच घेतला आहे, हे जाता जाता सांगावे.

कोश शेवटी उघडावा, तो अंदाजाची परीक्षा घेण्यासाठी. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आहे, पण जुन्या शब्दांना आजही उपयोगी पडतो. माधव ज्यूलियन यांचा 'फारसी-मराठी कोश' (१९२५) तर आपल्या घरांसाठीच केला की काय, असे वाटावे. कोश पाहून झाला की त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य लिहावे. त्यावाचून शब्द आपला होत नाही.

आता त्या मुलाविषयी. आमची चूक उमगल्यावर आम्ही त्याला फळ्यापाशी बोलावले, वर्गासमोर आमची चूक कबूल केली आणि 'शिकस्त'चे दोन्ही अर्थ त्यालाच समजावून द्यायला सांगितले. दुसऱ्या आठवड्यात त्याने वही आणली. तिच्यात चाळीस शब्द होते. दुसरा रकाना पूर्ण भरलेला होता. त्याच्या दादीला लिहिता-वाचता येत नाही. शब्द तिने सांगितले आणि त्याने लिहिले.

पालकांस आमची विनंती एवढीच की, शंभर पानी एक वही घरात ठेवावी आणि जेवणानंतर मुलाने एखादा शब्द विचारला तर 'झोप आता' म्हणू नये. सांगणारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्यावे.